धुराखालचा हरभरा

माझी सासू दुर्गाबाई फार भांडखोर, असं गाव म्हणायचं. गावाचं काय जातं म्हणायला! तिच्या हाताखाली मी नांदले, मला विचारा. भांडायची, हे खरं. पण त्या पौषात हेमसिंगच्या विटांच्या भट्ट्यावरून ती भांडली, ते काही चुलीपुढचं भांडण नव्हतं. त्यात तिची सगळी पत पणाला लागली होती.

मी पंचफुला. लग्नानंतरचा माझा दुसरा हिवाळा. नवरा अकोल्याला कापडाच्या गिरणीत, अन् मी इथं सासूसासऱ्याजवळ. आमचं गाव किन्हीराजाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी. मोठ्या दुष्काळातून माणसं नुकती कुठं सावरत होती. आम्हाला वावर एकच, नाल्याला लागून, सगळ्या शिवारात खोलगट. पावसाळ्यात तिथं पाणी साचायचं, ज्वारी पिवळी पडायची. पण हिवाळ्यात त्याच चिखलात हरभरा असा उठायचा की जाणारा-येणारा बांधावर थांबायचा. वर्षाची डाळ त्याच्यातून, पुढचं बीही त्याच्यातूनच.

अन् आंबही तिथलीच. हरभऱ्याच्या पानाला आंबट खार असतो. सांजच्याला झाडांवर धुतलेलं धोतर पसरून ठेवायचं. रात्रभर दहिवर, म्हणजे दव, पडतं, तो खार धोतरात उतरतो. पहाटे धोतर पिळलं की निथळते ती आंब. दुखत्या पोटावर तिच्यासारखं दुसरं काही नाही. वावरं सगळ्यांचीच होती, हरभरा सगळेच पेरायचे, पण आमच्या खोलगटाइतकं दहिवर कुठंच पडायचं नाही. म्हणून गावभर दुर्गाबाईचीच आंब चालायची. देशमुखांच्या घरातसुद्धा.

हे 'सुद्धा' नीट ऐका. आमच्या माणसांनी दीक्षा घेतल्याला माझ्या वयाइतकी वर्षं झाली होती. आम्ही देव सोडले, मेलेलं ढोर ओढणं सोडलं. गावानं मात्र आपलं काहीच सोडलं नव्हतं. देशमुखांच्या घरी आमच्या हातचं पाणी चालायचं नाही. पण आंब चालायची! सासू तिच्या हातांनी धोतर पिळायची, तिच्याच हातांनी बाटली भरायची, अन् वायगोळा उठला की देशमुख ती गटागटा प्यायचे. औषधाला विटाळ नसतो म्हणे.

"उलीसक तं उलीसक, थेंबभर का होयेना," सासू मला म्हणायची, "माह्या हातचं त्याच्या पोटात तं जाते." असं म्हणताना तिचा चेहरा असा काही उजळायचा की माझीच छाती भरून यायची.

त्या वर्षी तांड्यावरच्या हेमसिंगनं नाल्याच्या थडीवर विटांचा भट्टा लावला. जागा देशमुखांची, आमच्या बांधाला लागून. दरवर्षी दिवाळी झाली की हेमसिंग अन् त्याची बायको भुरीबाई तांड्यातल्या माणसांबरोबर ऊसतोडीला जायची, ती होळीलाच परत. औंदा पहिल्यांदा ती दोघं गाडीत बसली नाहीत. नाल्याची माती कालवली, विटा थापल्या, रचल्या, वरून चिखलानं लिंपल्या अन् खालून आग दिली.

अन् धूर निघाला.

दिवसा तो सरळ वर जायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सांज झाली, वारा पडला की मात्र खाली यायचा. मी बांधावर बसून पाहत राहायची. आधी निळसर दोरे यायचे हरभऱ्यावरून सरपटत, मग ते एकमेकांत मिसळायचे, अन् बघता बघता सगळं वावर धुराखाली बुडून जायचं. कमरेइतका धूर, वर मोकळं आभाळ. पलीकडून बैल चालले तर नुसती शिंगं दिसायची. मला त्यात उतरावंसं वाटायचं. एकदा उतरलेही, हात पसरून चालत गेले, पायाखाली हरभरा कोमट लागला. सासूनं हाक मारली तेव्हा कुठं भानावर आले.

भट्टा पेटल्यापासून धोतर पहाटे जवळजवळ कोरडंच निघायला लागलं. दहिवर नावापुरतंच पडायचं. सासूनं तरी पिळून पिळून पाव बाटली काढली अन् देशमुखांकडं पाठवली. दुसऱ्या दिवशी देशमुखांचा गडी गोविंदा ती परत घेऊन आला.

"काकू, बाईसाहेबानं वापस देली," तो खाली बघत म्हणाला. "धुराचा वास येते म्हने. सायबाले मळमळलं. आता राहूच दे म्हनलं."

सासूनं थेंबभर तळहातावर ओतून चाखलं. मग बाटली चुलीमागं ठेवून दिली.

ती तडक थडीवर गेली, मी मागं. भुरीबाई भट्ट्याची भेग चिखलानं बुजवत होती. कोपरापर्यंत हात माखलेले, डोळे लालभडक.

"काव भुरीबाई, तुहा धूर माह्या वावरात कायले येते?"

"मंग मी का त्याले कासरा बांधू?" भुरीबाई वळलीसुद्धा नाही. "हवा नेईन तिकडं जाईन तो."

"माही आंब नासली तुह्या धुरानं!"

"चार दिस कळ काढ ना, बाई. भट्टा पिकला का धूर आपसूक जाते. औंदा गाव सोडलं नाही आमी, पोरगी घरी हाये, म्हातारी घरी हाये. या भट्ट्यावर हाये सारं आमचं."

"अन् माहं काय हाये ते तुले मालूम नाही."

"पानीच तं हाये पिळलेलं!" भुरीबाई हसली.

तिनं हसायला नको होतं. सासू वळली अन् घरी निघाली. वाटभर पुटपुटत होती, पानीच हाये म्हने, पानीच हाये.

सासरे पुंजाजी मवाळ माणूस. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "धुरानं हरभऱ्याचं काय बिघडलं व? घाटे कसे दान्यानं भरून राह्यले, पाह्य तरी."

"दहिवर पडत नाही!"

"नाही पडत तं नाही पडत. दहिवर खाता का आपुन?"

"तुमी खा घाटे!" सासू कडाडली. "माह्या हातचं एक घोट घेते गाव, ते बी जाऊ द्या. जलमभर दारातून मांगं फिरली मी. एक बाटली तेवढी आत जात होती माही!" अन् पदर तोंडाला लावून रडली. सासऱ्यांनी विडी पेटवली, ती तशीच हातात विझली.

दुसऱ्या दिवशी सासू मला घेऊन देशमुखांच्या मागच्या अंगणात गेली. देशमुखांची बायको तुळसाबाई सैपाकघराच्या दारात उभी, आम्ही खाली.

"बाईसाहेब, भट्ट्याचा धूर हाये तोवर आंब नाही. जागा तुमची हाये. तुमी सांगान तं इझन."

"असं व्हय!" तुळसाबाई म्हणाल्या. बाई वाईट नव्हती, नवऱ्याच्या पोटदुखीनं बेजार होती. "मंग सांगते मी त्याईले."

दुपारी गोविंदा आणखी दोन गडी घेऊन थडीवर आला. हेमसिंगनं हात जोडले, दोन दिवस मागितले, एक दिवस मागितला. देशमुखांचा शब्द म्हणजे शब्द. गड्यांनी वरचं लिंपण फोडलं अन् नाल्याच्या पाण्याच्या घागरी आत ओतल्या. असा फुसकारा उठला की आमचे बैल दावं तोडायला लागले. पांढरी वाफ, काळी राख, तडातडा फुटणाऱ्या विटा. हेमसिंगनं एक वीट उचलली, हातानं मोडली. आत कच्ची माती. ते दोन तुकडे हातात धरून तो नुसताच उभा राहिला. भुरीबाई मातीत बसली होती. तिनं आमच्याकडं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सासू जिंकली होती. पण घरी येऊन तिनं भाकर मोडली अन् तशीच ठेवली. सांजेला मात्र धोतर घेऊन निघाली, मी दुसरं टोक धरलं. आम्ही ते झाडांवर पसरलं. वावर कसं मोकळं, धुतल्यासारखं. धोतराच्या आसपास धुराचा एक दोराही नव्हता. आभाळात इतक्या चांदण्या की बघता बघता मला चक्कर आली. एवढं उघडं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं. थंडी वाजत होती, पण थंडीचंही काही वाटेना, उलट गोडच वाटली.

"आज पडन पाह्य दहिवर," सासू म्हणाली.

पडलं. पहाटे वावरात गेलो तर सगळं पांढरंशुभ्र. मला येडीला वाटलं, रात्रीतून कुणी पीठ चाळून गेलं. पानापानावर पांढरं, काडीकाडीवर पांढरं, अन् त्यावर उजेडाची गुलाबी छटा. मी एक डहाळी तोडून तोंडात घातली, ती जिभेवर कुरकुरली. सासूनं धोतर ओढलं तर ते पापडासारखं ताठ. तिनं पिळायला घेतलं अन् ते हातात मोडल्यासारखं करकरलं. दहिवर गोठलं होतं.

"हे काय व माय?" ती एवढंच म्हणाली.

ऊन वर आलं तसा तो पांढरा रंग गेला अन् खालचा खरा रंग दिसला. उकळतं पाणी ओतल्यासारखा हरभरा काळवंडला. पानं लोळली, घाटे मऊ झाले, दाबला की आतून पाणी. आमच्या तिघांच्या डोळ्यांदेखत दुपारपर्यंत वावर मरत गेलं. वरच्या उतारावर देशमुखांचा हरभरा हिरवागार डुलत होता. त्याला काही झालं नव्हतं.

सासरे सगळं वावर फिरले. मग त्यांनी आम्हाला हाक मारली. भट्ट्याच्या बाजूची पट्टी जिवंत होती, आमच्या अंगणाच्या दहापट म्हणा. तिथं फुटक्या विटांखालचा ओला राखाडा रात्रभर धुमसत राहिला होता. जिथवर तो धूर पोचला तिथवर हिरवं, पुढं काळं. मध्ये अशी रेघ, जणू कुणी बोटानं ओढली.

सासरे खाली बसले. "थंडी पान्यासारखी असते," हळूहळू म्हणाले. "उतारानं येते अन् खोलगटात साचते. म्हनून तं आपल्याकडं दहिवर जास्त. तो धूर नव्हता व दुर्गा. गोधडी होती ती आपल्या वावरावर. आपुनच ओढून फेकली."

सासू उभीच होती. तिचे हात लटकले होते, धोतर पायाशी पडलं होतं. मला तिची फार दया आली, अन् रागही आला. दोन्ही एकदम येतं तेव्हा माणसानं काय करावं?

दिवस कलला. पुन्हा वारा पडला, पुन्हा आभाळ निवळशंख. आज रात्री ती पट्टीही जाणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. ती गेली की डाळ नाही अन् पुढच्या साली पेरायला दाणा नाही. आम्ही काड्या, गवत गोळा केलं, पण ते भुर्रकन जळून जायचं, धूर धरायचा नाही.

"तांड्यावर जाते मी," सासू म्हणाली.

मी बरोबर गेले. हेमसिंगची म्हातारी आई नानीबाई उंबऱ्यात बसली होती, अंगभर चांदी अन् आरशांची चोळी. तिनं आम्हाला पाहून तोंड फिरवलं. तांड्यावरही आमच्या माणसांना तांब्या द्यायची-घ्यायची रीत नव्हती, तेव्हा अंगणातच उभं राहिलो. भुरीबाई बाहेर आली.

"आता काय इझवाले आली?"

"चुकलं माहं," सासू म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द मी आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. "तुहा भट्टा मी इझवला. अन् आता तुह्याच दारात धूर मांगाले आली. वावर गेलं माहं. एक पट्टी राह्यली."

"धूर?" भुरीबाई मोठ्यानं हसली. "काल तं नाकात जात होता!"

"हास. हासून घे."

भुरीबाईचं हसू आपोआप थांबलं. आतून हेमसिंग आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "उसाच्या मुलखात पाह्यलं मी हे. कारखान्याच्या धुराड्याखाली आमच्या खोप्या असतेत, तठी गोधडी लागत नाही. कोसभर दूरच्या खोपीत पोरं काकडून मरतेत. फुटक्या इटांखाली इस्तो हाये अजून. ओला पालापाचोळा टाकला तं धूर धरन."

"फुकट?" भुरीबाईनं नवऱ्याला अडवलं. बरोबरच होतं तिचं.

"वाचन त्यातलं अर्धं तुह्या घरी," सासू म्हणाली.

"अर्धं. अन् भट्टा कोनं इझवला, ते तुह्या तोंडानं सांगजो. सारे म्हनतेत, हेमसिंगले भट्टा लावता येत नाही, म्हनून फुटला."

"सांगते."

मग आम्ही पाच जणांनी घमेल्यांत निखारे भरून बांधाबांधावर नेले. त्यावर शेण, ओलं गवत, नाल्यातली लव्हाळी. धूर उठला, थोडा वर गेला, मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, वळला अन् हरभऱ्यावर अंग टाकलं. हळूहळू माणसं दिसेनाशी झाली. नुसते आवाज. इकडून हेमसिंगचं खोकणं, तिकडून सासऱ्यांचं "इथं टाक, इथं टाक". एकदा सासू अन् भुरीबाई धुरात एकमेकींवर आदळल्या अन् दोघी एकदम "मेली!" म्हणाल्या. मी हसले. त्याही हसल्या बहुतेक, दिसलं नाही.

मी निखाऱ्यापाशी बसून पेंगत होते अन् डोक्यात काहीबाही येत होतं. नवरा दिवाळीला म्हणाला होता, गिरणीच्या धुरापायी अकोल्यात दुपारचं ऊनसुद्धा मळकं पडतं. म्हणजे हा धूर रात्री ऊब धरतो अन् दिवसा ऊनच अडवतो? अन् मग जातो कुठं? आमचा, गिरणीचा, उसाच्या मुलखातला, सगळा धूर वर जाऊन कुणाच्या वावरावर बसत असेल? कुणावर दाट गोधडी, कुणावर विरलेली, कुणी उघडंच. मला वाटलं, मी त्या गोधडीवरून चालत चालत अकोल्याला जाते आहे, पाय बुडत नाहीत, अन् खाली गावं झोपली आहेत. कुठलं गाव उबेत, कुठलं कुडकुडतंय, कुणालाच दुसऱ्याचं माहीत नाही.

सासऱ्यांनी हलवलं तेव्हा उजाडत होतं. पट्टी हिरवी होती! पानं कोरडी, काजळी बसलेली, पण उभी. सासरे एकेका झाडाला हात लावत होते. आमची तोंडं भट्टीतून काढल्यासारखी काळी. सासू बांधावर बसून पितळी लोट्यातलं पाणी डोळ्यांवर मारत होती.

तेवढ्यात वाटेनं देशमुखांची बैलांची दमणी आली. आत देशमुख पोट धरून दुमडलेले. गोविंदा हाकत होता, मालेगावच्या डॉक्टरकडं चालले होते. दमणी थांबली अन् तुळसाबाई खाली उतरल्या. त्या घरची बाई आमच्या बांधावर पहिल्यांदा आली होती.

"दुर्गे, आंब दे लवकर. रातीपासून तडफडून राह्यले."

सासू उठली. याच क्षणासाठी ती जलमभर ते धोतर पिळत आली होती, अन् तिच्या हातात काहीच नव्हतं.

"आंब नाही, बाईसाहेब. धूर केला राती."

"धूर? परवा तं तुनंच भट्टा इझवाले लावला!"

"लावला. माह्याच सांगन्यावरून इझला तो. हेमसिंगचा काही दोष नाही, भट्टा चांगला लागला होता." ती भुरीबाईकडं न बघता बोलली, पण मोठ्यानं, दमणीतल्या देशमुखांनाही ऐकू जाईल असं. मग तिनं लोटा विसळला, घागरीतलं पाणी भरलं अन् पुढं केला. "सायबाले दोन घोट पानी तं देऊ? घसा सुकला असन."

तुळसाबाईंनी लोट्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "पानी कसं घेऊ, दुर्गे?" त्या हळूच म्हणाल्या. "आंब औषद होती." पदर सावरून त्या दमणीत चढल्या.

दमणी गेली. सासू तशीच उभी, हात पुढं, लोटा हातात. मला तिच्याकडं बघवेना.

भुरीबाई चालत आली. तिनं लोटा सासूच्या हातातून घेतला अन् सरळ तोंडाला लावला. घटाघटा प्यायली, पाणी हनुवटीवरून काळ्या रेघांनी ओघळलं. अर्धा लोटा तिनं हेमसिंगला दिला. त्यानं क्षणभर बायकोकडं पाहिलं अन् तोही प्यायला.

"अजून आन ना व," भुरीबाई तोंड पुसत म्हणाली. "तान नाही गेली."

सासूनं घागर हलवून पाहिली. ती रिकामी होती. मी उठायला लागले तर माझ्या खांद्यावर हात दाबून तिनं मला बसवलं, अन् घागर घेऊन स्वतःच नाल्यातल्या झिऱ्याकडं गेली, जवळजवळ पळतच.